ओटी आणि राजीनामा

"ओढणी नीट पसर गं, तांदूळ सांडतील," ताई म्हणाली.

मी ओढणी पसरली. गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, मीटिंगच्या खोलीत मला खुर्चीवर बसवलं होतं. सातवा महिना. समोर ऑफिसातली वीसेक माणसं. सकाळीच सगळ्यांना मेल गेला होता, चार वाजता गोदभराई आहे, समोसे आहेत. ताईनं नारळ, हळकुंड, ब्लाउजपीस आणि तांदूळ माझ्या ओढणीत सोडले. सोडले म्हणजे वरूनच सोडले. तिचा हात माझ्या कापडाला लागला नाही. कुंकवाची वाटी तिनं शेजारच्या मुलीकडे सरकवली. "तू लगा दे." फोटो निघाले. कुणीतरी "स्माइल" म्हणून ओरडलं आणि मी हसले.

मंडळी समोशांकडे वळली तशी ताईनं ताटाखालून एक कागद काढला. टाइप केलेला, तयार. बाळंतपणाच्या घरगुती कारणासाठी मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे. खाली माझं नाव.

"सही कर, म्हणजे मी आजच पुढे पाठवते."

"ताई, मी तर रजा मागितली होती."

"अगं, पहिलं बाळंतपण. तू माहेरी जाणारच. सहा-सहा महिने कोण जागा अडवून ठेवणार?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमच्याकडे ना, सगळं हक्कानं मागायची सवयच असते. प्रत्येक ठिकाणी नाही चालत ते."

मी नाही म्हणायला हवं होतं. उठायला हवं होतं. पण मांडीत नारळ, ओढणीत तांदूळ, आणि उठले तर सगळं जमिनीवर सांडेल याची मला लाज वाटली. हो, लाज. माझी नोकरी जात होती आणि मला तांदूळ सांडायची लाज वाटत होती. डाव्या हातानं ओटी धरली आणि उजव्या हातानं सही केली.

ही ताई म्हणजे आमची एचआरची प्रमुख. पुण्याची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तीन वर्षांपूर्वी मुलाखतीला गेले तेव्हा अर्जावर माझं गाव वाचून ती एकदम मराठीत बोलली होती, "अय्या, अमरावतीची का तू!" मला तेव्हा रडूच यायचं बाकी होतं. लग्न होऊन गाझियाबादला आले त्याला वर्ष झालं होतं. नवरा रेल्वेत, त्याची बदली बिलासपूरला झालेली. महिन्यातून दोन दिवस यायचा. घरात मी एकटी. दूधवाला, भाजीवाला, शेजारीण, सगळ्यांशी हिंदी. हिंदी येते मला, उत्तम येते. पण दिवसचे दिवस आपल्या भाषेतला एक शब्दही कानावर पडला नाही की माणूस आतून सुकत जातो. मी स्वयंपाक करताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले होते.

म्हणून ताई. पहिले काही महिने आम्ही एकत्र डबा खायचो. ती माझी शेंगदाण्याची चटणी मागून घ्यायची. पुढे ऑक्टोबरात मी दोन दिवसांची सुट्टी मागितली. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, आजोबांपासून आमच्या घरात कुणी चुकवत नाही. ताईनं अर्ज वाचला. "अच्छा... असं होय," म्हणाली. सुट्टी दिली. मी परत आले त्या दिवसापासून तिला जेवायच्या वेळी रोज काहीतरी काम निघायला लागलं.

मला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. ज्या घरात मी वाढले तिथं हे कळायला शिकवावं लागत नाही. तरीही मी न कळल्यासारखं केलं, आणि ही गोष्ट मला अजून झोंबते. डबा नको तर नको, पण पॅन्ट्रीत चहाच्या मशीनपाशी ती पाच मिनिटं मराठीत बोलायची, तेवढ्यासाठी मी थांबायचे. पाच मिनिटांसाठी मी आंधळी झाले.

यंदा दिवस गेले, तेव्हा तिसऱ्या महिन्यात सगळ्यात आधी तिलाच सांगितलं. नवऱ्यानंतर तिलाच. विचारलं, "ताई, रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवू का?"

"अर्ज कशाला? मी आहे ना! आपल्यात काय लिहायचं?"

आपल्यात. मी खूश झाले. त्या दिवशी मेट्रोत दोन गाड्या बदलून गाझियाबादला येईपर्यंत खूशच होते.

आता माझं काम सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा किती मोठा होता ते कळेल. आमची कंपनी आरोग्यविम्याचे दावे तपासते. मी बाळंतपणाच्या दाव्यांवर. दिवसभर दुसऱ्या बायकांच्या सोनोग्राफ्या, डिस्चार्जची कागदपत्रं, बिलं बघायची. एक कागद कमी असला की शेरा मारायचा आणि फाइल परत. फोनवर कुणाचा तरी नवरा रडकुंडीला येऊन सांगायचा, "मैडम, डॉक्टर ने मुँह से बोला था." मी शांतपणे म्हणायचे, "सर, लिखा हुआ दीजिए." लिहिलेलं नसेल तर ते घडलेलंच नाही, हे मी शेकडो माणसांना ऐकवलं होतं. आणि स्वतःच्या पोटातल्या बाळाचा अर्ज मात्र चहाच्या मशीनपाशी तोंडी देऊन आले होते. कारण काय, तर समोरची मराठी बोलत होती.

ओटीचं म्हणाल तर आमच्या घरात ती भरतच नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं बंद झालं. माझं लग्नही बौद्ध पद्धतीनं झालं. पण ताई म्हणाली, "तुझं इथं कोण आहे? मी करते तुझं," आणि मी विरघळले. कुणीतरी माझं काहीतरी करणार होतं. एकटेपणा माणसाला किती स्वस्त करून टाकतो, ते त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

शनिवारी सकाळी आईला फोन केला. आई गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. वीस वर्षं झाली. तिला सगळं सांगितलं, ओटीसकट.

ती म्हणाली, "सही तुनं केली?"

"हो."

"काऊन केली?"

मी रडायला लागले. आई पुचकारणारी नव्हेच. तिनं मला रडू दिलं आणि मग स्वतःचं सांगितलं. हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. माझा भाऊ झाला तेव्हा ती तेराव्या दिवशी चुलीपुढे उभी होती, कारण बाई बदलतो असा निरोप आला होता. भाऊ पोत्यावर, धुरात. आणि तिच्याकडून एका कागदावर अंगठा घेतला होता. काय लिहिलं होतं ते तिला आजपर्यंत माहीत नाही.

"मले लिहिता येत नव्हतं म्हून मी गप रायली," ती म्हणाली. "तुले तं येते ना? मंग तू कायसाठी गप रायली?"

फोन कधी ठेवला ते आठवत नाही. पण तो प्रश्न कुणीतरी कानाखाली वाजवावा तसा लागला. आईकडे अंगठा होता. माझ्याकडे दोन पदव्या, इंग्रजी, लॅपटॉप. आणि आमची दोघींची गत एकच. नाही, माझी जास्त वाईट. तिच्याकडून घेतलं होतं. मी दिलं होतं.

शनिवार आणि रविवार मी कायदा वाचला. वर्षात ऐंशी दिवस काम केलेल्या बाईला सव्वीस आठवडे पगारी रजा. गरोदरपणात कामावरून काढता येत नाही. हे मला ढोबळ माहीत होतं, जसं सगळ्यांना असतं. पण ओळन् ओळ वाचताना लक्षात आलं की यात कुठेही ताई नाही. कुणाची मर्जी नाही, कुणाचं मन मोठं असायची गरज नाही. मी दोन पानं लिहिली. राजीनामा दबावाखाली घेतला, तो मागे घेत आहे. रजा अमुक तारखेपासून हवी आहे. सोबत सोनोग्राफीचा अहवाल. एकही विशेषण घातलं नाही. मेल केला आणि दोन प्रती छापून घेतल्या.

सोमवारी ऑफिसच्या दारात कार्ड लावलं. लाल दिवा लागला. परत लावलं, परत लाल. गार्डनं यादी बघितली. रोज नमस्ते करणारा माणूस, त्याला बिचाऱ्याला माझ्याकडे बघवेना. "मैडम, आपका नाम नहीं है." मी खालच्या सोफ्यावर जाऊन बसले. ज्या मुलीनं मला कुंकू लावलं होतं ती समोरून गेली. मोबाइलमध्ये बघत गेली. मग आणखी चार-पाच गेले, सगळे फोटोत होते. त्या थंडगार हॉलमध्ये बाळ पोटात जोरजोरात लाथा मारत होतं आणि माझ्या ओळखीचं तिथं तेवढं एकच होतं.

अकराला ताई खाली आली. चेहरा लाल.

"हा काय तमाशा लावलायस? मेल कसला करतेस? फोन करायचास ना मला. मराठीत बोललो असतो आपण."

मी उभी राहिले. कागद पुढे केला. "मैडम, इस पर रिसीव्ड लिख दीजिए. तारीख के साथ."

तिला वाटलं असावं की ऐकण्यात काही चूक झाली. ती मराठीतच बोलत राहिली. तिनं माझ्यासाठी किती केलं, वर माझ्यासाठी कशी भांडली, स्वतःच्या पैशानं नारळ आणला. मी ऐकून घेतलं. मला त्या भाषेची केवढी भूक होती, आणि आता तिच्या तोंडून ती ऐकताना मी ती कधी थांबते याची वाट बघत होते. तिचं संपल्यावर मी पुन्हा म्हणाले, "मैडम, रिसीव्ड. और तारीख."

तिनं सही केली नाही. मी तिथून पोस्टात गेले, पोचपावतीची नोंदणी करून तोच कागद पाठवला. दुसरी प्रत श्रम विभागाच्या कार्यालयात तक्रारीला जोडली.

श्रम कार्यालयात सुनावणीच्या पहिल्या तारखेला कंपनीचा वकील फोटो घेऊन आला. मी ओटी घेऊन हसतेय. तिथले अधिकारी वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून बघत म्हणाले, "बेटा, इसमें तो तू हँस रही है."

"साहब, हँसना इस्तीफ़ा होता है क्या?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि कंपनीला पुढची तारीख दिली.

बाळंतपण गाझियाबादलाच झालं. माहेरी गेले असते तर तारखा चुकल्या असत्या. आई येऊ शकली नाही. तिला रजा नाही, अजूनही नाही. नवऱ्याला रेल्वेनं पंधरा दिवस दिले. एका पानाचा अर्ज, साहेबाची सही, झालं. त्याची कुणी ओटी भरली नाही. सोळाव्या दिवशी तो बिलासपूरला गेला आणि मी मुलीला घेऊन त्या दोन खोल्यांत उरले. टाके दुखत होते. मला अंघोळीला जायचं असलं की तिला खाटेवर उशांच्या मध्ये ठेवायचे आणि दार उघडं टाकून भराभर पाणी घ्यायचे. कुणाची आठवण काढून रडावं तर कुणाची काढणार? मी रडले नाही असं म्हणणार नाही.

मुलगी सहा आठवड्यांची असताना कंपनीचं पत्र आलं. राजीनामा रद्द, रजा मंजूर. "मानवतेच्या भूमिकेतून, विशेष बाब म्हणून." आणि खाली एक ओळ, माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, इथे सही करावी.

नवरा फोनवर म्हणाला, "मिळालं ना यार? कर सही आणि सोड विषय."

तो वाईट माणूस नाही. दमलेला आहे. मी त्याला म्हटलं, नाही करणार. त्यांची मानवता मला नको. ताईला माझ्यासारखीच बाई उद्या त्या खुर्चीत बसवायला वेळ लागणार नाही. आम्ही दोन दिवस बोललो नाही. म्हणजे फोनवर का होईना, बोलायला जे एक माणूस होतं, तेही गेलं.

पत्र परत पाठवलं. रजा कायद्याप्रमाणे मिळते असं लिहून द्या, आणि तक्रार आहे, ती राहील. पुढच्या महिन्यात तारीख आहे. मुलीला कडेवर घेऊन जाणार आहे.

लोक विचारतात, आता परत त्याच ऑफिसात कशी जाशील? जाणार. माझ्याशी कुणी बोलणार नाही, डबा एकटीनं खावा लागेल, ताई काचेतून बघत बसेल. बघू दे. पन्नासच्या वर माणसं असली की पाळणाघर ठेवावं लागतं, आम्ही दोनशे आहोत आणि तिथं पाळणाघर नाही. कामाच्या वेळात मुलीला पाजायला जाण्याची मुभा कायद्यात आहे, ती आजवर तिथं कुणी मागितलेली नाही. मी मागणार आहे. दोन्ही अर्ज लिहून ठेवलेत, दोन-दोन प्रतींत.