धूर डोळखांबचा, पाऊस मुरबाडचा

"भाऊजी, शनिवारी या. पाऊस पाडतोय!"

मेहुण्याचा, शेखरचा, असा फोन आला तेव्हा मी कोरड्या नळाला शिव्या घालत होतो. साल दोन हजार नऊ. ऑगस्ट लागला तरी पाऊस नाही, कल्याणात पाणीकपात. ढगांत चांदीच्या क्षाराचा धूर सोडून पाऊस पाडायचा प्रयोग सुरू होता आणि डोळखांबजवळच्या टेकडीवरची भट्टी शेखरकडे होती. घरच्या माणसाने पाडलेला पाऊस कोण चुकवेल? जुनी मारुती काढली आणि निघालो.

शहापूरपर्यंत हायवे आहे, चिंता नाही. तिथेच मिसळ हाणून घ्या. पुढे जंगल भरपूर, हॉटेलं नावापुरती. खड्डे होते, पण कोरडे असल्यामुळे निदान दिसत होते.

भट्टी म्हणजे उंच धुराड्याची लोखंडी चूल. शेखर तिच्याभोवती लग्नघरातल्या मामासारखा फिरत होता. शेजारच्या पाड्यावरची हिराबाई समोर बसून होती. तिची खालची खाचरं लावून झाली होती. वरच्या खाचरांत चिखलणीला पाणी नव्हतं आणि वाफ्यातलं भाताचं रोप पिवळं पडू लागलं होतं.

"यात काय जाळता?" तिने विचारलं.

"चांदीचा क्षार," शेखर म्हणाला.

"माझ्या सुनंच्या पायात चांदी नाय, नि तुमी आभाळाला घालता?"

दुपारी ढग जमले. वरून हुकूम आला, भट्टी पेटली. ढग काळाभोर झाला. सगळा पाडा गोळा झाला, मी तर छत्रीही उघडली. तेवढ्यात भलत्याच दिशेने वारा सुटला आणि तो ढग आमच्या डोक्यावरून ऐटीत मुरबाडकडे निघून गेला.

संध्याकाळी हिराबाईच्या लेकीचा फोन आला. ती मुरबाडकडेच, सिद्धगडाच्या पायथ्याला दिलेली. तिकडे धो धो पडला होता.

हिराबाई शेखरकडे वळली. "व्याह्याला आमी लेक दिली. आता तुमी पाऊस पण दिला?"

"मावशी, तो याच धुराचा, असं सांगता येत नाही."

"मंग कोनाचा?"

शेखर भट्टीतली राख उकरू लागला.

रात्र शेखरकडे काढली. सकाळी बघतो तर हिराबाई माझ्या गाडीत बसलेली. "चला. डोळ्यांनी बघते." आभाळ स्वच्छ, भट्टीला सुट्टी, शेखरही निघाला. किन्हवली, सरळगाव करत आम्ही मुरबाड तालुक्यात शिरलो. सरळगावचा चहा चुकवू नका.

लेकीच्या गावी पोहोचताच आभाराचे दोन शब्द ऐकायला शेखर पुढे झाला, तर व्याही गणपतराव खेकसले, "धूर सोडनारे ते तुमीच का?" लोंढ्याने बांध फुटून त्यांची नुकती लावलेली खाचरं धुऊन गेली होती. बांध रातोरात घातला, पाणी अडलं, पण लावायला रोप उरलं नव्हतं. शेखर माझ्या मागे सरकला. लेक बांधावर खाली मान घालून उभी होती.

हिराबाईने आधी पाणी बघितलं, मग लेकीकडे. "रोप माझ्याकडं हाय."

"नि तुमच्या खाचराचं काय?" व्याह्यांनी विचारलं.

"तिथं पावसाची वाट बघत मरंल. हितं तरी जगंल."

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "पिकंल त्यातला अर्धा भात तुमचा."

पुन्हा डोळखांब गाठलं. सगळ्यांनी मिळून रोप उपटलं आणि मुठी बांधून गाडी भरली. डिकीत मुठी, सीटवर मुठी, शेखरच्या मांडीवर मुठी. मग गणपतरावांकडे परत येऊन चिखलात उतरलो. माझी ओळ बघून लेक हसली, दिवसभरात पहिल्यांदाच. "भाऊ, ही लावनी हाय का साप गेला?"

घरी आलो तो कंबरेत वाकलेलाच. गाडीला आठवडाभर चिखलाचा वास येत होता. लोक विचारत, धुराने खरंच पाऊस पडतो का? मी म्हणे, माहीत नाही. पण ढगाची पाठ धरून एकदा तरी जावं, वाटेत माणसं भेटतात.

पुढच्या आठवड्यात शेखरचा फोन आला. आवाज असा, जणू त्याला मुलगा झालाय. "भाऊजी, रोप लागलं! हिरवंगार झालंय!"

पावसाचं विचारायचं राहूनच गेलं. त्यानेही सांगितलं नाही.