गोड वास

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. उस्तादांना सांगायला हवं होतं, पण ते गेले. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो.

माझं गाव इथून फार लांब, गोंदियाकडं, झाडीपट्टीत. सातवीत शाळा सुटली — सुटली कसली, मीच सोडली — आणि पुढं ट्रकवर क्लिनर झालो. चौसाळ्याजवळ हमरस्त्यावर त्या ट्रकचं इंजिन बसलं. दुरुस्त होऊन ट्रक पुढं गेला, मी तिथल्या उस्तादांच्या गॅरेजातच राहिलो. उस्तादांनी कोण, कुठला, काही विचारलं नाही. डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. "खा बे झाडीवाल्या, मग पाना धर."

त्या अर्ध्या भाकरीवर मी आजवर उभा आहे. पण उपकारावर जगणाऱ्याला एक भीती असते, ठाऊक आहे तुम्हाला? दिलेली जागा कुणीतरी परत मागेल, ही. मी कितीतरी वर्षं ती उशाशी घेऊन झोपलो.

उस्तादांचं नाव जुन्या गाड्यांसाठी होतं. त्यांची एक रीत होती. दुखणाईत गाडी रात्रभर थंड उभी ठेवायची, सकाळी पहिल्यांदा चालू करायची आणि सायलेन्सरमागं लाकडी पाटावर बसून धूर हुंगायचा. उपाशी नाकानं. त्याआधी चहा नाही, तंबाखू नाही. "धुराचा रंग कुणालाबी दिसतो," म्हणायचे, "पर नाक खोटं बोलत न्हाई." निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास असला तर तेल वर चढतंय, बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्या. काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय. आणि पांढऱ्या धुराला गोडसर वास असला, तर इंजिनाच्या हेडखालची गास्केट फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जळतंय. मी हे सगळं पाठ केलं होतं. पाठच — कारण माझं नाक तंबाखूनं केव्हाच मेलं होतं. कुणाला कळू दिलं नव्हतं. उस्ताद म्हणतील त्याला मान हलवायचो.

मग बिरू आला. युसूफ वडगावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा. कोकरू कुठल्या मेंढीचं ते डोळे मिटून वासावर सांगायचा. एका सकाळी निळा धूर सोडणाऱ्या जीपमागं वाकला आणि म्हणाला, "उस्ताद, रिंगा बऱ्या हायत. हे तेल वरनं ठिबकून शिळं झालेलं हाय." उघडून बघितलं तर वॉल्व्हची सीलं गेलेली. उस्ताद हसले. माझ्याकडं बघून ते कधी तसे हसले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पाट बिरूचा झाला.

साधा लाकडी पाट होता हो. तुम्ही म्हणाल, पाटासाठी? हो. पाटासाठी.

तो वाईट असता तर किती बरं झालं असतं! मला हिवताप चढला तेव्हा त्यानंच घरून घोंगडी आणली. "कावून कुडकुडता भाऊ? घ्या, आमच्याच मेंढरांची लोकर हाय." त्या घोंगडीत पडून मी देवाकडं काय मागितलं असेल? त्याचं नाक मरावं, हे.

अशात आबासाहेबांची अँबॅसिडर आली. आबासाहेब म्हणजे मोठे बागायतदार. त्यांच्या घरातली प्रत्येक लेक त्याच गाडीत बसून सासरी गेलेली. आता नातीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि गाडीमागून गोड वास येत होता. ड्रायव्हर जाता जाता मला बोलला, आदल्या दिवशी गाडी साखर कारखान्यावर गेलती, मळीच्या टँकरमागं उभी होती. मी लक्ष दिलं नाही.

सकाळी कडाक्याची थंडी होती. गाडी चालू केली, मागून पांढरी वाफ. उस्तादांना पडसं झालेलं. "तूच सांग बे बिरू." बिरू वाकला, डोळे मिटले. "गोड हाय, उस्ताद. कूलंट जळतंय." रेडिएटरातलं कूलंटही जरा उतरलेलं होतं. हेड खोलायचं ठरलं.

त्याआधी कूलंट सोडायला मी गाडीखाली शिरलो. आणि तिथं दिसलं — सायलेन्सरवर काळा, चकाकता थर. बोट लावलं, जिभेवर टेकवलं. गोड. मळी! साखर काढल्यावर उरतो तो काळा पाक. टँकरमधून सांडलेल्या मळीतून गाडी गेली होती आणि सायलेन्सर तापला की ती जळत होती. वास खरा होता, इंजिनही ठणठणीत होतं. मी फक्त "उस्ताद, थांबा" म्हणायचं होतं. वर बिरू गुणगुणत नट सैल करत होता.

मी कूलंट सोडलं आणि गप्प बाहेर आलो.

हेड निघालं. गास्केट धडधाकट. उस्तादांनी ती उजेडात फिरवून फिरवून बघितली. हेड परत आवळताना ते धरून ठेवणारा एक जुना स्टड, आटे पाडलेला खिळा, तुटला. तसला स्टड लवकर मिळेना. लग्न होऊन गेलं, नात भाड्याच्या गाडीतून सासरी गेली. आबासाहेब दारात उभे राहून म्हणाले, "उस्ताद, मेंढरं हुंगणाऱ्याच्या हाती माझी गाडी दिली व्हय?"

एवढंच असतं तर कदाचित सांगून टाकलं असतं. पण पुढचं आहे.

उस्ताद आणि बिरू स्टड शोधायला बीडला गेलते त्या दुपारी मी रॉकेलचा बोळा आणि खरवडायला पत्र्याची पट्टी घेऊन गाडीखाली गेलो. सगळी मळी खरवडली. चिंधीनं पुसून काढली. असं काम मी उस्तादांसाठीही कधी केलं नव्हतं.

गाडी जोडून चालू केली. वास नाही. उस्तादांनी विचारलं, "मग त्या दिशी कसला वास आलता?"

"आलता उस्ताद, आईशप्पत!" बिरू माझ्याकडं वळला. "भाऊ, तुमी इथंच हुतात की. तुमाला आलता न्हवं?"

"मला न्हाई आला, बिरू."

बघा ना — शब्द खरा होता. मेलेल्या नाकाला कुठून येणार? आयुष्यात मी इतकं खरं बोलून इतकं खोटं कधी बोललो नाही.

बिरूनं स्वतःचा तळहात नाकाशी नेला, हुंगला. परत हुंगला. थोड्याच दिवसांत तो मेंढरांकडं परत गेला. त्याला कुणी काढलं नव्हतं. पाट मला मिळाला. उस्तादांनी शेवटी गॅरेजही माझ्यावर सोपवलं. मी रंग बघून, प्लग काढून निभावतो. लोक म्हणतात, झाडीवाल्याचं नाक उस्तादांवर गेलंय.

मागच्या हिवाळ्यात बिरू आला. केस पिकलेले, जुनी मोटारसायकल धूर सोडत होती. "भाऊ, जरा हुंगून सांगा. माझ्या नाकाचा मला भरवसा न्हाई. आता मेंढरू आजारी हाय का, तेबी दुसऱ्याला इचारतो."

मी पाटावर बसलो. वाकलो. डोळे मिटले, तो मिटायचा तसे. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर धूर निळा दिसला.

"तेल," मी म्हणालो.

"लई भारी नाक हाय भाऊ तुमचं," तो म्हणाला, आणि शिकाऊ माणसासारखी मान हलवली — मी उस्तादांपुढं हलवायचो तशी.

तेव्हाही मी बोललो नाही. त्याची घोंगडी आतल्या खोलीत, माझ्या अंथरुणावरच होती.