मागचं दार कोण लावतं?

भूत, चकवा, मुंजा, हडळ... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आज आहे, असंही म्हणवत नाही. आमच्या वाडीच्या खालच्या टोकाला सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. नवरा गेल्यावर मी तिथे एकटी राहिले. पहाटे अंधारात पडलेले नारळ गोळा करायला जायची, कधी काही दिसलं नाही. ज्यांना दिसतं त्यांचं पोट साफ नसतं, असं मी तोंडावर सांगायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहिताना कुठे चुकलं तर समजून घ्या. पण वाढवून सांगायची सवय मला नाही.

घर दिवेआगरला. गावातून समुद्राकडे उतरणारी अरुंद दगडी वाट, पाखाडी, आहे, तिच्या शेवटी. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे बंदिस्त पडवी. पडवीचं दार समुद्राच्या अंगाला उघडतं. पावसात ते खालून फुगतं, म्हणून सासऱ्यांनी लोखंडी कडी पार वर ठोकून घेतली होती. मला टाचा उचलल्याशिवाय हात पोचायचा नाही. दिवेलागणीला आधी ते दार लावायचं, मग देवापुढे दिवा. मागच्या दाराने लक्ष्मी निघून जाते म्हणतात. मी डासांसाठी लावायची.

वादळात आमची सुपारी आडवी झाली. नवीन रोपं लावून ती धरेपर्यंत मी कुठली जगायला! मुलगा विलास पनवेलला असतो. तो म्हणाला, आई, आता पुरे, विकून टाकू. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही.

घेणारे डोंबिवलीचे, संदीप आणि मेघा. संदीपच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. त्या आईंना पहिल्यापासून समुद्राजवळ राहायची हौस, म्हणून ही मंडळी घर शोधत होती. चार दिवस येऊन मजा करायला नाही, राहायला. समुद्रकाठचं घर घेताना काय बघावं ते संदीपला बरोबर ठाऊक होतं. सातबारा, वाटेचा हक्क, भरतीची रेषा, दुरुस्तीला परवानगी लागेल का, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं. उरलेलं मला विचारलं आणि मी सरळ सांगितलं. वैशाखात विहीर मचूळ होते. लोखंड टिकत नाही, कड्या-बिजागऱ्या पितळी घाला. वादळात पाणी कुंपणापर्यंत आलं होतं. विलास मागून डोळे वटारत होता, गिऱ्हाईक पळेल म्हणून. संदीप उलट खूश झाला.

मेघाने मला विहिरीपाशी गाठून हळूच विचारलं, घरात तसलं काही नाही ना? मी म्हटलं, "इतकी वर्षं मी राहिले. माझ्यापेक्षा वाईट कोण असणार इथे?" ती हसली.

व्यवहार झाला. चावी दिली आणि मी पनवेलला आले.

पावसाळा सरून थंडीही संपत आली तेव्हा मेघाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, रागावू नका. तुम्ही येता त्याला माझी ना नाही. पण मागच्या दाराने येऊन आईंजवळ बसता आणि मला न भेटता जाता. एक हाक तरी मारा."

मी म्हटलं, मी कुठे येते? मी पनवेलला, तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे खालच्या वाण्याकडेसुद्धा जात नाही.

काकू, खरंच? तिने दोनदा विचारलं.

मग तिने एकेक सांगितलं. सासूबाईंची खाट पडवीत, दारापाशी. संदीप आठवडाभर मुंबईला नोकरीवर. संध्याकाळी मेघा वाऱ्यासाठी दार उघडं ठेवून वाळलेले कपडे काढायला अंगणात जाते. परत येते तर दाराला आतून कडी. सासूबाईंचा तर हातही छातीच्या वर जात नाही. आणि दिवसभर दोन शब्द न बोलणारी ती बाई त्या वेळी कुणाशी तरी बोलत असते, अगदी रंगून. दोनदा मेघाने पुढच्या दाराने आत येताना कुणाला तरी पाठमोरं बघितलं होतं. विटकी हिरवी साडी, डावा हात गुडघ्यावर दाबून उठणं. तशी मीच उठते. तिला वाटलं, म्हातारीला घराची आठवण येते, शेजारी कुणाकडे उतरत असेल, येऊ दे. किती महिने तिने चालवून घेतलं.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मग मी आईंना रोज कुणाजवळ सोडून जात होते?"

भास असेल, असं सांगून मी फोन ठेवला. घरात कुणाला बोलले नाही. पुढे तिचे आणखी दोन फोन आले. एकटीने राहवत नाही म्हणाली. संदीप घर विकायचं म्हणतोय, पण सासूबाई ऐकत नाहीत, डोंबिवलीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. मी हूं हूं केलं.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, ती इथे लिहिते. पनवेलला आल्यापासून दिवेलागणीच्या वेळी मला खुर्चीत डुलकी लागायची. पूर्वी मी कधी संध्याकाळची झोपले नव्हते. एकदा सुनेने मला हलवून उठवलं आणि विचारलं, आई, अंगठ्याला हा गंज कुठे लावून घेतलात? मी धुऊन टाकला. गॅलरीच्या ग्रिलचाही असेल. ग्रिललाही गंज आहेच.

शेवटी गावातून अनसूयेचा फोन आला. ती आमच्या शेजारच्या वाडीतली, माझ्याच वयाची. मेघा तिच्याकडे जाऊन रडली होती.

"निघताना घराला काय बोललीस गो?"

"काय बोलणार? येते म्हटलं."

"विकल्या घराला? शानी गं माझी बाय! मग येतेस ती. शब्दाला जागतेस. आता जा आनि सांग त्याला."

"काय सांगू?"

"तुला ठाव न्हाय काय सांगायचं?"

ठाऊक होतं. आपल्यात बाहेर पडताना कुणी 'जाते' म्हणत नाही. जातो तो मेलेला. बाजाराला जा, दवाखान्यात जा, 'येते' म्हणायचं. एकटी राहत होते तेव्हा मी रिकाम्या घरालासुद्धा म्हणायची. त्या दिवशी टेम्पो भरून उभा होता, विलास हाका मारत होता. मी परत आत गेले, मागच्या दाराची कडी लावली, चौकटीवर हात ठेवला आणि 'येते' म्हटलं.

सवयीनं तोंडातून गेलं, असं मी अनसूयेला सांगितलं. ते खोटं आहे. मी मुद्दाम म्हटलं होतं. सही केली, चावी दिली, तरी मनात होतं की घर माझंच आहे आणि मी येणार. संदीपला पाण्याचं खरं सांगितलं, गंजाचं सांगितलं, हे नाही सांगितलं. आणि मेघाचा पहिला फोन आला तेव्हा भीती वाटायच्या आधी मला बरं वाटलं होतं. म्हणून मी गप्प बसले. ती पोर तिथे दिवे लावून जागत होती आणि मी इथे बरं वाटून घेत होते.

विलासला म्हटलं, मला दिवेआगरला ने. दुपारी पोचलो. मेघाचा चेहरा उतरलेला, तरी तिने चहा ठेवला. मी पडवीत सासूबाईंच्या खाटेजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, अगदी डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाल्या, "बसा हो. कुसुम येईल इतक्यात."

कुसुम माझं माहेरचं नाव. लग्नात बदलून सुमती केलं. माहेरचं आता कोणी उरलं नाही. विलासलासुद्धा ते नाव ठाऊक नव्हतं. आणि कुसुमचं नाव घेणारी ही बाई माझ्या तोंडाकडे बघून मला ओळखत नव्हती.

मी उठले. दाराच्या चौकटीवर हात ठेवला.

"जाते."

"अहो काकू, जाते काय, येते म्हणा..." मेघा सवयीने बोलून गेली आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

"जाते," मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. विलास अभद्र बोलू नकोस म्हणून ओरडला. मी ओटीवरून उतरून गाडीत बसले.

त्या दिवसापासून दार मेघा जसं ठेवते तसं राहतं. तिने कडी बदलून पितळी घातली, हात पोचेल अशी. घर विकायचं आता कोणी बोलत नाही. मलाही संध्याकाळची डुलकी लागत नाही.

पण सासूबाई दिवेलागणीला दाराकडे तोंड करून पडतात. कुसुम का नाही आली, एवढंच विचारतात. बाकी बोलणं संपलं. रात्रीचं जेवण नको म्हणतात. मेघाने हे मला दोष देऊन सांगितलं नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

विलास म्हणतो, आजारी माणसाच्या मनाचे खेळ. असतील. मग कडी कुणी लावली, असं विचारलं की तो विषय बदलतो. मलाही सांगता येत नाही. ती मी होते, तर त्यांनी मला ओळखलं कसं नाही? आणि मी नव्हते, तर मी कुणाला घालवलं?

परवा मेघाने विचारलं, काकू, एखाद्या संध्याकाळी येऊन आईंजवळ बसाल का? मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात, ते खोटं नाही. पण त्या बाईजवळून उठताना काय म्हणून उठायचं... ते मला अजून ठरवता आलेलं नाही.