आठव्या वर्षी रांगणं

लेक तिसरीत होती. वहीतली ओळ डावीकडून नीट निघायची आणि उजव्या टोकाला पोचेपर्यंत घसरायची. कोरेगावच्या तिच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, "हुशार आहे, पण लक्ष नसतं." घरी ती खोडून खोडून कागद फाडायची आणि रडायची.

शेवटी तिला सांगलीला एका थेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी तिला चटईवर हात-गुडघे टेकवून ओणवं केलं आणि मान उजवीकडे वळवायला लावली. मान वळली की डावं कोपर आपोआप मुडपायचं. पुन्हा वळवली, पुन्हा तेच.

"तान्ह्या बाळाची मान वळली की त्या बाजूचा हात लांब होतो, दुसरा मुडपतो," बाई म्हणाल्या. "ही उपजत हालचाल काही महिन्यांत मावळते. हिची थोडी राहिलीय. ओळीच्या शेवटी मान वळते आणि हात हिचं ऐकत नाही."

इतके दिवस हे कुणालाच दिसलं नाही? मला संतापच आला.

मग रोज सकाळी व्यायाम. हळूहळू रांगायचं, मान वळवायची, कोपरं ताठ ठेवायची. सुरुवातीला गंमत वाटली. नंतर "मी काय बाळ आहे का?" म्हणून ती फरशीवर पालथी पडून राहायची. तिकडून सासूबाई, "अगं, येवढ्या मोठ्या पोरीला रांगाय लावतीस व्हय? काय बी झाल्यालं न्हाई तिला."

साताऱ्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "या हालचालींचा अक्षराशी संबंध असेलही. पण व्यायामानं फरक पडतोच, असं ठामपणे सांगता येत नाही. करा, तोटा काही नाही."

तोटा नाही! रिक्षा दारात हॉर्न वाजवत असताना पोरीशी रोज भांडत होते मी.

तरी सोडलं नाही. दिवाळीनंतर ओळी बऱ्याच सरळ यायला लागल्या. थेरपिस्ट म्हणाल्या, व्यायामाचा गुण. डॉक्टर म्हणाले, वयानंही होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणत न्हवते?" नक्की कशानं झालं, ते मला आजही कुणी सांगू शकत नाही.

त्यानंतर सांगलीहून परतताना एसटीत लेकीनं विचारलं, "आता रांगायचं बंद ना?"

बाईंच्या चटईवर कोपर अजून किंचित मुडपत होतं. मी म्हटलं, "सुट्टी लागेपर्यंत करू या."

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.