तळ्यातली गार जागा आणि ट्रक वळवायची जागा

आणि परत तेच! मागच्या वेळी आमच्या तळ्याबद्दल लिहिलं, तर खाली दोघे-तिघे लिहून गेले, "भिवंडीत लूम सोडून बघायला आहे काय?" अहो, तुम्ही हायवेवरून गाडीची काच लावून जाणार, तुम्हाला काय दिसणार? काल्हेरच्या मागे गोदामांच्या रांगा संपल्या की एक तळं आहे. फाल्गुनात तिथे सकाळी गळ टाकून बसून बघा, मग बोला. मी त्यासाठी कच्छमधून अठरा तास बसमध्ये बसून गेलो होतो. मी आठवीत शाळा सोडली, लिहिण्यात चुका असतील, पण खोटं लिहीत नाही.

मुंद्रा पोर्टाजवळच्या गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. मोठ्या भावाचा, दादाचा, फोन आला, "शिमग्याला ये. तळ्यात मरळ दिसायला लागल्यात. बाबा रोज तुझं नाव काढतात." आठ दिवस बिनपगारी रजा टाकली आणि निघालो.

ज्यांना यायचंय त्यांनी मुंबईपर्यंत जाऊ नका. लक्झरीचे साडेचारशे घेतात, चिंचोटी फाट्यावर उतरायचं. तिथून टमटमने अंजूरफाटा, वीस रुपये. पोटात काही असेल तर या रस्त्यावर ते जागेवर राहणार नाही, म्हणून वडापाव अंजूरफाट्याला उतरल्यावरच खा. पाच रुपयाला मिळतो, मिरची मागून घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांबरोबर तळ्यावर गेलो आणि डोकंच फिरलं. सहा वर्षांपूर्वी घाटाची पाण्याखालची तिसरी पायरीसुद्धा वरून दिसायची. आता पहिलीच दिसत नव्हती. पाणी हिरवंगार, वर साय धरल्यासारखा थर, कडेला गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोल. गोदामांच्या भरावाने दोन बाजूंचे ओहोळ केव्हाच बुजलेत.

उन्हं वाढायला लागली की मासा सुस्त होतो. आमिष तोंडासमोर नेलं तरी विचार करत बसतो. म्हणून घाई नाही. बारीक जिवंत मासा गळाला लावायचा, दोरी वीतभर ओढायची, थांबायचं, परत वीतभर. दोन सकाळी आम्ही असे बसलो. मिळालं काय? माझ्या गळाला एक चप्पल.

"जोडी व्हईल तवा घाल," बाबा म्हणाले.

तिसऱ्या सकाळी त्यांनी गळ बाजूला ठेवला, लुंगी वर खोचली आणि अनवाणी गुडघाभर पाण्यात उतरले. हे त्यांचं जुनं काम. कडेकडेने हळूहळू चालायचं आणि पाण्याची खबर पायाने घ्यायची. अर्धं तळं फिरल्यावर काठावरच्या चिंचेखाली थांबले.

"हितं ये. पाय ठेव. गार हाय का न्हाय?"

होतं! बाकी तळं चहासारखं कोमट आणि तिथे घोट्याला माठातलं पाणी. चिंचेखालचा झरा आमच्या जमिनीच्या पट्टीतून वाहत तिथे उतरतो. तळ्यात ताजं पाणी येतं ते आता तेवढंच.

"सगली मासली हितं जीव धरून हाय," बाबा म्हणाले.

गळ टाकला. पाऊण तासाने दोरी ताणली. हातभर मरळ! बाबांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि गळ काढून तिला पाण्यात सोडून दिलं. ज्या माणसाला गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, तव्यावरून ताटात पडेपर्यंत धीर निघत नाही, त्याने!

"पोटात गाबोली हाय तिच्या," एवढंच म्हणाले.

आम्ही तिथे असतानाच दादा मोटरसायकलवरून कागद घेऊन आला. तेव्हा मला कळलं, मला कशाला बोलावलं होतं. चिंचेखालची पट्टी आम्हा तिघांच्या नावावर. शेजारच्या गोदामवाल्याला ट्रक वळवायला जागा हवी, दादाला भाडं हवं. पट्टीवर भराव पडणार. बाबांची सही आधीच घेतलेली, माझी बाकी.

"झऱ्याचं काय?" मी विचारलं.

"बोटाएवढा झरा तो! तुमच्या पोर्टावर काय तळी खोदतात का रं? तू पन ट्रकच भरतोस ना?"

"माझ्या दारात नाय भरत!"

"मंग ये हितं, सांबाल तळं. सहा वर्षांत किती वेला आलास?"

मी आणखीच ओरडलो. मरळीचं आमिष दाखवून सख्ख्या भावाला बोलावतोस म्हणालो. पलीकडे भांडी घासणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायला लागल्या.

बाबा पाण्यातच उभे होते. "चपला काढ," ते दादाला म्हणाले.

"बाबा, कामाचं बोलतोय मी."

"काढ. उतर."

दादा नवी पँट दुमडत उतरला. बाबांनी त्याला दंडाला धरून कडेकडेने चालवलं. चिंचेखाली आल्यावर दादाचा पाय थांबला. लगेच बाहेर काही आला नाही.

"ह्यो बंद केलास तर मी हितं येनार न्हाय," बाबा म्हणाले.

दादा म्हणाला, "भरावाखालून सिमेंटचे पाईप टाकता येतील. पन गोदामवाला दमडी देनार न्हाय, भाडं सुरू व्हायला दोन महिने. खर्च कोन करनार?"

आणि दोघे माझ्याकडे बघायला लागले!

परत येताना खिडकीजवळची जागा मिळाली, पण सुरत जाईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. भाडं दादा खाणार, ट्रक गोदामवाल्याचे वळणार, आणि पाणी वाचवायचं मी? पण माझ्या घोट्याला तो गारवा मुंद्र्यापर्यंत आठवत होता. आणि सहा वर्षांचं दादा बोलला ते काही खोटं नव्हतं. मी सही केली, पण कागद माझ्याच बॅगेत आहे. पाईप पडले की बाबा पाण्यात उतरणार. पायाला गार लागलं तर फोन करणार. त्यानंतरच कागद पोस्टात पडेल.

पाच पाईप, एकाला तेवीसशे, वर जेसीबीचे तीन हजार. माझा पगार महिन्याला नऊ हजार. जे पाणी आजोबांच्या आधीपासून फुकट येत होतं, ते तसंच येत राहावं म्हणून आज बँकेतून पाठवतोय चौदा हजार पाचशे रुपये.