अलसी आणि पाणी

कापडमिल बंद पडली आणि तिच्याबरोबर वडिलांचं फुकट दवाखान्याचं कार्डही गेलं. आता आजारी पडायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं. जवस, म्हणजे आमच्या इंदूरची अलसी, हृदयाला चांगली आणि मासे न खाणाऱ्यांना तर हवीच, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी सांवेरहून किलोभर आणवली. मिलच्या तिन्ही पाळ्यांच्या वेळेला ते एकेक मूठ अख्खी अलसी तोंडात टाकून गिळत. वर पाणी नाही. मागावरून पाण्यासाठी उठायचं नाही, ही तीस वर्षांची सवय.

चौथ्या दिवशी पोट दगडासारखं झालं. डॉक्टरांनी एनिमा दिला.

"बाबूजी, अख्खं बी तसंच बाहेर पडतं. आणि पाणी नसेल तर आत फुगून अडकतं. भाजून, कुटून, दिवसाला एक चमचा. वर ग्लासभर पाणी."

आई म्हणाली, "घरी बसून ओव्हरटाइम कुणी सांगितला होता?"

उरलेल्या अलसीची मी लसूण घालून चटणी कुटली. वडील चमचाभर खात आणि मी ग्लास घेऊन समोर उभी राहत असे.

"इतका पहारा तर साहेबानेही ठेवला नाही."

"पाणी प्या," मी म्हणायचे.