बंद पीसीवरून कॉपी झालेली हळद

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव, देवस्की, अंगारा, धुपारा सगळं घराबाहेर गेलं. त्यात मी अमरावतीला कॉलेजात कम्प्युटर शिकवते. "मॅडम, आपोआप झालं" म्हणणाऱ्या पोराला मी वर्गात उभं ठेवते... आपोआप काही होत नसतं, कुणीतरी बटण दाबलेलं असतं. तरीही हे लिहिते आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मे महिना, अकोला, माझं माहेर. धाकटी बहीण प्रीती, तिची दुसऱ्या दिवशी हळद. दुपारी मी पोचले तर लग्नघरात चिडीचूप. भाऊ पंकज बैठकीत फरशीवर बसलेला, पुढ्यात आमचा जुना पीसी उघडून ठेवलेला.

"ताई, सुरूच नाही होऊन राहिला. आईचा व्हिडिओ यातच आहे."

"अन् मोबाईलमधला?"

"कट करून इकडेच टाकला होता ना. मोबाईल फुल्ल झाला होता."

एवढा मोठा व्हिडिओ कुणाला पाठवता आला नव्हता, त्यामुळे दुसरी कॉपी नाही. माझ्या हळदीत आईनं म्हटलेलं गाणं होतं ते. पुढे आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता ती टाळी वाजवून हाक मारते. आमच्याकडे नवरीच्या आईनं गाणं म्हटल्याशिवाय पहिली हळद लागत नाही. म्हणून प्रीतीनं ठरवलं होतं, टीव्हीवर व्हिडिओ लावायचा आणि त्या गाण्यावर आईनं हळद लावायची. पीसी बंद पडल्याचं कळल्यापासून आई स्वयंपाकघरात तोंड फिरवून बसली होती. मावशीला गाऊ द्या, असं तिनं हातानंच सांगितलं म्हणे. ऐकून माझा जीव तुटला.

मी हार्ड डिस्क काढली, वायरनं लॅपटॉपला जोडली. आत नुसतं टक् टक् टक्... लॅपटॉपला काही दिसेना. असा आवाज आला की डिस्क गेली समजा, हे मी दरवर्षी शिकवते. ती सोडवली, नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि दिवाणावर माझ्या शेजारी ठेवली.

निदान माझ्या मोबाईलमधले जुने फोटो तरी लॅपटॉपवर घेऊन टीव्हीवर लावू म्हणून घरच्या वायफायवर शेअरिंग करायला घेतलं. लॅपटॉपला टीव्ही दिसेना. नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, फायरवॉल तपासली, राउटर बंद-चालू केला. पुन्हा यादी उघडली. टीव्ही आला होता. त्याच्या खाली आणखी एक नाव होतं — 'घर-पीसी'.

पीसी माझ्यासमोर फरशीवर पडला होता. प्लग काढलेला. त्याची डिस्क माझ्या मांडीला लागून.

लॅपटॉपनं जुनं नाव लक्षात ठेवलं असेल म्हणावं, तर हा लॅपटॉप कॉलेजचा, कोरा, या घरात पहिल्यांदाच आलेला. मी क्लिक केलं. फोल्डर उघडलं. आत 'ताई हळद' ही फाईल होती.

कॉपी, पेस्ट. हिरवी पट्टी सरकायला लागली. पंकजनं पीसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, हे कुठून येऊन राहिलं?"

"गप बस."

तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबला. राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप बॅटरीवर, पट्टी सरकतच होती. पण आमचा इन्व्हर्टर म्हातारा... थोड्याच वेळात त्यानं टीं टीं सुरू केलं आणि पट्टी अर्ध्यावर अडली.

"पंखे बंद कर," मी म्हटलं. पंकज उठायच्या आत दारातून टाळी वाजली. आई उभी होती. तिनं एकेका खोलीत जाऊन सगळे पंखे बंद केले आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. मे महिन्यातल्या अकोल्यात बिनपंख्याचं बसणं काय असतं ते इकडच्यांनाच ठाऊक. पट्टी हळूहळू पुन्हा हलली.

पंकजनं डिस्कला हात लावला. "गरम आहे वं."

"ठेव ते. हात नको लावू."

"काहून?"

"मले माहीत नाही काहून."

अकोल्यात मे महिन्यात काय गरम नसतं, तेव्हा हा पुरावा मी धरत नाही. भुताबिताचं तर डोक्यातही नव्हतं. भीती होती ती पट्टी थांबेल याचीच.

कॉपी पूर्ण झाली. यादीतून 'घर-पीसी' गेलं ते पुन्हा आलं नाही. नंतर रिकव्हरीवाल्यानं डिस्क पाहून सांगितलं, आतल्या चकत्या पार घासल्या आहेत, यातून काहीच निघणार नाही.

आम्ही व्हिडिओ लावला. तेच अंगण, तोच पाट, हळदीनं माखलेली मी. मागं कुकरची शिट्टी, माझं खिदळणं, सगळं तेच. आई माझ्या गालाला हळद लावत गात होती. आमच्या हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घेतात. ती ओळ आली आणि आईनं नाव घेतलं — प्रीती.

आम्ही मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पंकज म्हणाला, "ताई, इथं तुयं नाव होतं ना?" आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, आपण असं गायलोच नव्हतो म्हणून. तिचे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी प्रीतीला तिच्या नावाची हळद लागली. आई ओठ हलवत होती. जमलेल्या बायकांना वाटलं, आईनं माझ्या हळदीतच प्रीतीचंही नाव गाऊन ठेवलं होतं.

कॉलेजातल्या एका सरांना विचारलं. फाईल आली कशी, याची त्यांनी चार कारणं दिली. नाव कसं बदललं विचारलं, तेव्हा ते चहा प्यायला लागले. बहिणीला आईचं गाणं मिळालं याचा आनंद आहे, खोटं नाही सांगत. पण कधी दार लावून तो व्हिडिओ लावते, त्या ओळीपाशी थांबते आणि मला रडू येतं. माझं नाव घेणारा आईचा आवाज आता जगात कुठंच नाही.